लोखंडावरचे मांडे

अण्णांचा फोन आला तेव्हा मी दारात कैरीवाल्याशी हुज्जत घालत होते. पाडवा नुकताच झाला होता, बाजारात पहिली कैरी आली होती आणि भाव ऐकून माझं डोकं फिरलं होतं. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. मुळात बोलणं कमी, त्यात सकाळी सकाळी फोन करणारा माणूस नव्हे. ते एवढंच म्हणाले, "पुष्पा उठत नाहीये. तू ये." कैऱ्या तिथंच पायरीवर टाकून मी मागच्या गल्लीत धावले. माझी जाऊ, पुष्पाताई, झोपेतच गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, पहाटे कधीतरी, त्रास झाला नसणार. नसेल झाला... पण न सांगता निघायची तिची रीत नव्हती हो. साधी भाजी आणायला निघाली तरी गल्लीभर सांगून निघणारी बाई ती.

आदल्याच संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन गेली होती. मी हरभऱ्याची डाळ आणली होती, ती बघायला. मूठभर डाळ तळव्यावर घेतली, एक दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाली, ही पुरणपोळीला चालेल, मांड्याला नको, परत कर. आखाजीला अजून महिना होता. मी म्हटलं, अगं बाई, लग्नाच्या तयारीलासुद्धा लोक इतक्या आधी लागत नाहीत. त्यावर ती नेहमीचंच वाक्य बोलली, "पुरण तुझं, मांडे माझे. तुझी बाजू बिघडली तर माझी उघडी पडते." आणि चहा अर्धा ठेवून गेली. आमची ही वाटणी माझ्या लग्नापासूनची. मी शाळेत शिकवायचे, मला वेळ नसायचा, म्हणून पुरण माझ्याकडे. मांडे तिच्याकडे. तिला अंथरुणावर निजलेली बघितली तेव्हा माझी नजर आधी तिच्या हातांवर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे जुने डाग. आणि खरं तेच सांगते, रडू यायच्या आधी मनात आलं, महिन्यावर आखाजी आलीय, आता हिच्या पानावर मांडा कोण वाढणार?

ज्यांना मांडे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमचं मूळ गाव सटाण्याच्या बाजूचं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि आंबा ठेवायचा आणि आमरस-मांड्यांचं पान वाढायचं. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण ती पोळपाटावर पुरी होत नाही. थोडी लाटायची आणि मग दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत पसरायची, मनगटावरून कोपरापर्यंत, पुरणाचा पिवळा रंग आरपार दिसेस्तोवर. आणि तशीच अलगद चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. हात जरा अडखळला की संपलं. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही माय म्हणायचो, त्या अहिराणीत म्हणायच्या, "हात थरथरना का मांडा फाटना." म्हणजे हात थरथरला की मांडा फाटलाच.

आता गंमत बघा. माझं माहेर मालेगावकडचं. म्हणजे मी मांड्यांच्या मुलखातली. आणि पुष्पाताई घोटीची, भाताच्या देशातली. तिच्या घरी सकाळी भात, दुपारी भात, पाहुणे आले तर जास्त भात. लग्न होऊन सटाण्याकडे आली तेव्हा तिला पहिले काही महिने बाजरीची भाकरी आणि आमचं काळ्या मसाल्याचं लालभडक कालवण गिळता गिळवायचं नाही. न्हाणीच्या मागं जाऊन रडायची, असं तीच सांगायची. माय तिला समजावत बसली नाही की रागावली नाही. तिच्यासाठी मूठभर भात वेगळा शिजवायची, आणि तिला खापरासमोर बसवायची. पहिल्या आखाजीला पुष्पाताईनं केलेले मांडे म्हणे म्हशीनं खाल्ले. दुसऱ्या वर्षी गड्यांनी. तिसऱ्या वर्षी मायनं तिचा मांडा घागरीपुढच्या पानावर वाढला आणि भावकीतल्या बायकांना बोलावून दाखवला. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात मांड्यांवर घोटीच्या पोरीचं राज्य होतं आणि मालेगावची मी पुरण वाटत होते. मायला मी एकदा म्हटलं, मलाही शिकवा. तिनं माझ्या हातातल्या शाळेच्या वह्यांकडे बघितलं आणि म्हणाली, आधी ते तपासून घे.

पुढं दोघे भाऊ नाशकात आले. अण्णांना अंबडला मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. कंपनीचा जर्मनीतल्या एका कारखान्याशी संबंध होता. अण्णांचा हात इतका नेमका होता की तिकडच्या लोकांनी त्यांना मागूनच घेतलं, तीन वर्षांसाठी. बायकोमुलीसकट. तीन वर्षांची पुढं किती वाढली ते सोडा. तेव्हा पुष्पाताई पंचेचाळिशीच्या पुढं, मुलगी तेजश्री आठवीत. ताईनं सामानात काय बांधलं असेल? काळा मसाला, पापड, कुरडया आणि खापर. सटाण्याच्या कुंभाराकडून नवं करून घेतलं, दोन गोधड्यांत गुंडाळलं आणि बॅगेच्या पोटात बसवलं. निघताना मायच्या पाया पडली. मायचं तेव्हा अंथरुणाशी नातं जुळायला लागलं होतं. तिनं ताईचा हात धरून एकच सांगितलं, "जठे चूल, तठे आखाजी." जिथं तुझी चूल असेल तिथं आखाजी झालीच पाहिजे. ताई हो म्हणाली. थोरली सून, शब्द दिला की दिला.

खापर तिकडच्या विमानतळावर बॅगेतून निघालं ते तीन तुकड्यांत. आणि चूल? घरात चूलच नव्हती. काचेची काळी सपाट शेगडी, जाळ नाही, ज्योत नाही, नुसती लाल होते आणि विझते. आमचा दर सोमवारचा फोन ठरलेला होता. सुरुवातीला ती मला तिथल्या झाडांचं, रस्त्यांचं, बर्फाचं कौतुक सांगायची. हळूहळू फोनवर नुसतं खाण्याचंच यायला लागलं. संध्याकाळी इथली माणसं चूलच पेटवत नाहीत गं, पावाचे तुकडे, चीज, काकडी, झालं जेवण. पाव तो कसला, काळा, आंबट, विटेसारखा. बटाटा सकाळी उकडलेला, दुपारी उकडलेला. कोबी आंबवून खातात, दार उघडलं की जिन्यात वास. अण्णा आणि तेजश्री कंपनीत, शाळेत रुळले, त्यांचं पोट बाहेर भरायचं. ही एकटी घरात. काळा मसाला जपून जपून वापरायची. पहिल्या हिवाळ्यात ती इतकी वाळली की फोटो बघून आमचे हे म्हणाले, वहिनीला परत बोलावून घ्या. ती मला म्हणाली, "मला भूक लागते गं, पण ती इथल्या कशाचीच लागत नाही." 

तिला पहिल्यांदा सावरलं ते शेपूनं. हसू नका. आपल्याकडे शेपूचं नाव काढलं की निम्मं घर नाक मुरडतं. तिकडे ती दुकानात गेली आणि समोर शेपूच्या जुड्या, हिरव्यागार. जर्मन लोक म्हणे माशावर, काकडीवर त्याची दोन पानं टाकतात, शोभेला. हिनं होत्या तेवढ्या सगळ्या जुड्या उचलल्या. पैसे घेणाऱ्या बाईनं विचारलं, एवढ्याचं काय लोणचं घालणार? ताई मराठीतच म्हणाली, नाही बाई, भाजी. मुगाची डाळ घालून शेपू केला आणि भाकरीचं पीठ नव्हतं म्हणून त्या काळ्या आंबट पावाबरोबर खाल्ला. त्या सोमवारी तिचा आवाज वेगळा होता. म्हणाली, अगं, हा पाव शेपूशी चांगला लागतो, बाजरीच्या शिळ्या भाकरीची जरा आठवण येते. मग एकेक सापडत गेलं. तिथं एक घट्ट दही मिळतं, तो आपला चक्काच, बांधायचीसुद्धा गरज नाही, पुढच्या पाडव्याला श्रीखंड त्याचंच. नवलकोल मिळाला. आंबवलेल्या कोबीला तिनं मोहरी-लसणाची फोडणी दिली आणि जिन्यातला वास आपल्या घरातूनही यायला लागला. घोटीहून सटाण्याला आलेली ती, तिला एकदा देश बदलायचा सराव होता. जिभेला मारून नाही, तिला चार चार घास देऊन वळवायचं, हे ती मायकडून शिकली होती.

पण त्याच हिवाळ्याच्या शेवटी माय गेली. अण्णा एकटेच येऊ शकले, तेजश्रीची परीक्षा होती, ताई तिथंच राहिली. सासूच्या शेवटच्या दर्शनाला पोचता आलं नाही हे तिला फार लागलं. आणि पुढ्यात आखाजी. मायच्या घागरीची पहिली आखाजी. आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं, तू जिवाला त्रास करून घेऊ नको, इथं नाशकात आम्ही भरतो घागर. मी म्हटलं, मांडे मला येत नाहीत, पण हल्ली बायका रस्त्यावर खापर मांडून बसतात, ताजे करून देतात, आणेन तिथून.  ताई म्हणाली, "विकतच्या मांड्यावर माय येणार नाही. मी शब्द दिलाय. माझी चूल इथं आहे, तर आखाजीही इथंच होईल." मी म्हटलं, कसली चूल, काच आहे ती! तर फोन ठेवला.

त्यानंतरचे तिचे उद्योग ऐकून आम्ही हसत होतो आणि घाबरतही होतो. आधी स्टीलची कढई काचेच्या शेगडीवर पालथी घातली. कड तेवढी तापली, पोट गार. मग बागकामाच्या दुकानातून मातीची मोठी कुंडी आणली, ती ओव्हनमध्ये तापवली, तर तिचे दोन तुकडे झाले. आणि पिठाची तर कहाणीच झाली. मांड्याला पीठ वस्त्रगाळ लागतं. गहू धुऊन, वाळवून, दळून मग पातळ सुती कापडातून चाळतात, वर कोंडा राहतो, खाली रेशमासारखं पीठ पडतं. ताईनं दुकानातलं पांढरंशुभ्र पीठ आणलं आणि आपली जुनी सुती साडी गॅलरीच्या कठड्याला बांधून चाळायला बसली. चाळतेय, चाळतेय, वर काही राहीच ना. तिला वाटलं, साडी विरली असणार, कोंडाही खाली जातोय. दुसरी साडी घेतली. तीही विरलेली ठरली. ते पीठ मुळातच मैद्यासारखं बारीक होतं हे तिच्या डोक्यातच येईना, कारण न चाळता मांड्याचं पीठ असूच शकत नाही!

खालच्या मजल्यावर फातमा नावाची तुर्की बाई राहायची. पंचवीसेक वर्षांपूर्वी नवऱ्यामागं त्या गावात आलेली. वरून पिठाचा पाऊस तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होता. ती भांडायलाच वर आली. दार उघडलं तर समोर ही, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, हातात साडी. फातमा आधी बघत राहिली आणि मग भिंतीला टेकून हसत सुटली. ताईला जर्मन मोडकंतोडकं, फातमाचं बोलणं भराभर. तेजश्री शाळेतून आली तोवर दोघींनी हातवाऱ्यांनी सगळं एकमेकींना सांगून टाकलं होतं. ताईनं हवेत मांडा पसरून दाखवला, कोपरापर्यंत. मग मूठ पालथी धरून दाखवली, खालून जाळ. फातमानं तिचा हात धरला आणि तशीच, पिठाच्या अंगानं, तिला आपल्या बागेत घेऊन गेली. तिकडे घराला अंगण नसलेले लोक गावाबाहेर छोटी बाग भाड्यानं घेतात. फातमाच्या बागेतल्या खोपटात, भिंतीला टांगलेली, परातीएवढी लोखंडी पालथी तवी होती. मधे फुगीर, बरोब्बर खापराच्या आकाराची. त्या लोकांमध्ये तिच्यावर कागदासारख्या पातळ रोट्या भाजतात, खाली लाकडांचा जाळ करून. ताई मला नंतर म्हणाली, ती तवी बघून मला वाटलं, मायनंच पुढं पाठवून दिलीय.

आखाजीच्या दिवशी त्या बागेत जाळ पेटला. पीठ फातमानं बदलून दिलं, दुकानातलं ते मऊ पीठ ताणलं की तुटत होतं, तिच्या रोट्यांच्या पिठाला तार होती. आमरस डब्यातला. खरबूज तुर्की दुकानातून. डाळीचं गोड पुरण रोटीच्या पोटात घालायचं, हे फातमाला काही केल्या पटेना. डाळ ती, तिचं सूप करतात! ताईचे पहिले मांडे बिघडले, लोखंड मातीहून लवकर तापतं, तिला अंदाज येईना. जाळ कमी करायला फातमा बसली, आणि मग एक मांडा उतरला... अण्णांनी फोटो पाठवला होता. पिवळा, पातळ, घडी घातल्यावरही आतलं पुरण दिसणारा. घागर म्हणून स्टीलचं पातेलं. त्यापुढं पान. आणि पानामागं कोट घातलेली, हात कोपरापर्यंत उघडे टाकलेली माझी जाऊ. तो फोटो मी शाळेत सगळ्यांना दाखवला. मुख्याध्यापकांनाही दाखवला. अभिमान वाटला की मला तो झाकता येत नाही, स्वभावच आहे.

त्यानंतर तिकडच्या प्रत्येक आखाजीला त्या बागेत मांडे झाले. शेजारच्या बागेतले एक जर्मन आजोबा पहिल्या वर्षी धूर झाला म्हणून कुंपणापाशी आले होते. त्यांना मांडा दिला, त्यांनी तो आपल्या आलुबुखाराच्या मुरंब्याशी खाल्ला आणि पुढल्या वर्षीची तारीख विचारली, कॅलेंडरवर लिहून ठेवायला. अण्णांनी त्यांना तिथी, चंद्र, अधिक महिना, सगळं समजावलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे तुमच्याकडे नक्की काहीच नसतं. ताई हे वाक्य कुणालाही ऐकवायची आणि स्वतःच हसून घ्यायची. फातमाही मांडे शिकली, आणि ताई तिच्या पालक-चीजच्या रोट्या. तेजश्री तिथंच शिकली, तिथंच नोकरीला लागली.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा दोघं नाशकात परतले. निरोपाला फातमानं ती तवी खोपटातून काढून ताईच्या हातात दिली, स्वतःला दुसरी आणते म्हणाली. तवीचं वजन एवढं की बॅगेत आणखी काही मावेना. ताईनं दोन भरजरी साड्या आणि सगळे स्वेटर मागं ठेवले आणि लोखंड घेऊन आली. आमच्या गावी आखाजीला ती काढली तेव्हा भावकीत कुजबूज सुरू झाली. एक चुलत सासूबाई तोंडावरच बोलल्या, मांडे मातीवरचे असतात, लोखंडावरचा मांडा गेलेल्यांना पोचत नाही. सगळ्या बायका ताईकडे बघायला लागल्या. घोटीची सून, त्यात परदेशातून आलेली. ताईचे हात थांबले नाहीत. हातावरचा मांडा पसरत पसरत ती म्हणाली, "काकू, माय तिथवर आली होती जेवायला. याच लोखंडावरचं जेवून गेली."  काकूंनी त्या लोखंडावरचेच मांडे चार खाल्ले.

आणि एक सांगायला हवं. नाशकात आल्यावर तिला तिकडची आठवण यायला लागली. खाण्याचीच. तिकडे असताना इकडचं, इकडे आल्यावर तिकडचं, असं मी तिला चिडवायचे. तिनं लोणच्याच्या बरणीत कोबी आंबवला, मोलकरणीनं नासला म्हणून फेकून दिला. परत घातला. नाचणी आणि बाजरीचं पीठ आंबवून काळा पाव करायचा प्रयत्न केला, तो आमच्या ह्यांनी दाराला टेकू म्हणून लावायला मागितला. उकडलेल्या बटाट्यावर शेपू आणि दही घालून एकटीच जेवायला बसायची, समाधानानं. तीन गावांची चव एका जिभेवर घेऊन वावरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. कुठल्याच ठिकाणी तिनं आधीचं टाकलं नाही आणि नव्याला नाही म्हटलं नाही. याला मी मोठेपण म्हणते. कुणी काही म्हणो.

तेजश्री धावत आली होती, तेरावा करून परत गेली. तिची सुट्टी संपली, आखाजीपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. जाताना म्हणाली, काकू, मी तिथं फातमा मावशीच्या बागेत करीन आईसाठी, तू इथलं बघशील ना? मी हो म्हणून बसले. अण्णांनी मला नंतर हळूच सांगितलं, तू त्रास घेऊ नको, विकत आणू, पुष्पा समजून घेईल. आणि माझ्याच तोंडून निघालं, "विकतच्या मांड्यावर ताई येणार नाही." बोलून गेले आणि मलाच घाम फुटला. साठी उलटलेली मी. पुरण वाटण्यापलीकडे माझी मजल नाही.

लोकवन गहू धुतला, वाळवला, दळून आणला. चाळायला ताईचीच ती सुती साडी घेतली, जर्मनीच्या गॅलरीत विरली म्हणून उगाच बदनाम झालेली. वर कोंडा राहिला तेव्हा इतकं बरं वाटलं! डाळ अर्थात परत करून दुसरी आणली होती, दाताखाली फोडून. आखाजीच्या दिवशी गच्चीत शेगडी मांडली, तिच्यावर तवी. अण्णा घागर भरून, तिच्यावर खरबूज ठेवून, पानासमोर बसले होते. मी बांगड्या वर सारल्या. ताईला इतकी वर्षं बघितलं होतं, वाटलं, डोळ्यांना पाठ आहे म्हणजे हातांनाही असेल. कसलं काय! पहिला गोळा हातावर घेतला तो मनगटाशीच लोंबला आणि जमिनीवर. दुसरा तवीवर पडला तो दुमडूनच. तिसऱ्याला भोकं पडली, पुरण लोखंडावर जळलं, धूर झाला. मायचं वाक्य मला तोंडपाठ होतं, पण हात थरथरायचे थांबेनात. चटका बसला, इथं, कोपराच्या खाली. अण्णा म्हणाले, राहू दे आता. मी म्हटलं, तुम्ही घागरीपाशी बसा.

तेवढ्यात तेजश्रीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडची सकाळ, बागेत जाळ पेटलेला, तेजश्रीच्या हातावर मांडा, आणि शेजारी खुर्चीत फातमा, आता पुरती म्हातारी, डोक्याला रुमाल. त्यांच्याकडेही पाण्याचं भांडं भरून ठेवलेलं, वर खरबूज. मी माझा मांडा दाखवायला तयार नव्हते. अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सरळ तवीवर धरला. त्या वेळी तिच्यावर माझा पाचवा की सहावा होता. कोपरापर्यंत सोडाच, मनगटाच्या जेमतेम वर आलेला, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेला. फातमा फोनजवळ वाकली, डोळे बारीक करून बघत राहिली. मग काहीतरी म्हणाली. तेजश्री हसली. म्हणाली, "काकू, मावशी म्हणतेय, पुष्पाचा पहिला याच्याहून वाईट होता."

मी तो मांडा उचलला, घडी घातली आणि ताईच्या पानावर वाढला. फाटकाच वाढला. अण्णांनी आमरस वाढला, आणि पहिल्यांदाच, ती गेल्यापासून पहिल्यांदाच, त्यांना मोठ्यानं रडताना मी ऐकलं. मीही रडले. पण सांगते, त्या रडण्यात मान खाली नव्हती.

तवी आता माझ्याकडे आहे. अण्णाच म्हणाले, घेऊन जा, इथं गंजेल. स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला टांगलीय. दर दोन-चार दिवसांनी तेलाचं बोट फिरवते, गंज चढू नये म्हणून. आमचे हे म्हणतात, नुसतं तेल काय लावतेस, वापर की. वापरते ना. मागच्या रविवारी पुन्हा पीठ भिजवलं होतं. मांडा मनगटाच्या वर चार बोटं आला, फाटला नाही. आलेल्या पाहुण्यांना वाढला, आणि ही माझ्या जावेची तवी, असं सांगूनच वाढला.